तिसऱ्या कप्प्याचा माणूस

गेल्या आठवड्यात आमच्या रूमवर जर्नल सबमिशनचा माहोल होता. माझी रूममेट एसवाय बीएस्सीला, मायक्रोबायोलॉजी. रात्री दीड वाजता ती ग्रॅम स्टेनिंगची आकृती काढत बसलेली. पेन्सिलने गोल वर्तुळ आणि त्यात एकसारख्या, अगदी शिस्तीत अंतर ठेवून बसलेल्या गुलाबी कांड्या. स्लाइडवर असंच दिसलं होतं का, असं मी सहज विचारलं तर ती हसायलाच लागली. स्लाइडवर म्हणे नुसता गुलाबी चिखल होता आणि मधूनमधून जांभळे डाग. पण जर्नलमध्ये चिखल काढला तर सही कोण देणार? म्हणून सीनियरच्या जर्नलमधून आकृती उतरवून काढणं चाललं होतं.

त्याच जर्नलमध्ये मागे सजीवांच्या वर्गीकरणाचा तक्ता होता. मोनेरा, प्रोटिस्टा, कवकं, वनस्पती, प्राणी. आठवीत आपण सगळ्यांनीच हा पाठ केलाय. त्यात सालाबरोबर नावं असतात : १७३५ लिनियस, १८६६ हेकेल, १९२५ चॅटन वगैरे. दोन मार्कांच्या प्रश्नापुरती ही माणसं आपल्या आयुष्यात येतात आणि जातात. मी मास कॉमवाली, त्यामुळे मला तक्त्यापेक्षा नावांत जास्त इंटरेस्ट. झोप येत नव्हती म्हणून हेकेल शोधायला घेतला आणि पुढच्या तीन रात्री त्यातच गेल्या. कारण हा माणूसही आयुष्यभर आकृत्याच काढत होता, आणि स्लाइडवर नसलेलं कागदावर काढल्याचा आरोप त्याच्यावरही झाला होता.

अर्न्स्ट हेकेलचा जन्म १६ फेब्रुवारी १८३४चा, जर्मनीतल्या पॉट्सडॅमचा. वडील सरकारी अधिकारी. त्यांची बदली मर्सेबर्ग नावाच्या लहान गावात झाली आणि पोरगा तिथे रानावनात पानं-फुलं गोळा करत मोठा झाला. वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, म्हणजे हर्बेरियम करण्याचा नाद त्याला शाळेतच लागला. या हर्बेरियमची गोष्ट मला फार आवडली. त्याने दोन संग्रह केले होते. एक सगळ्यांना दाखवायचा, ज्यात पुस्तकातल्या वर्णनाशी तंतोतंत जुळणारी रोपं होती. दुसरा लपवून ठेवलेला. त्यात अशी रोपं, जी धड या जातीत बसत नव्हती आणि धड त्या जातीत. त्या काळी जाती देवाने एकदाच ठरवून दिल्या, त्यांच्या सीमा पक्क्या, असं मानलं जायचं. मग ही मधली रोपं आली कुठून? बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे कुणाला विचारायची सोय नव्हती. त्याने ती फेकून दिली नाहीत, वेगळी ठेवली, एवढंच.

वडिलांच्या आग्रहाखातर तो डॉक्टर झाला. वुर्झबर्ग आणि बर्लिनला शिकला, डिग्री घेतली, प्रॅक्टिसही सुरू केली. पण पेशंट तपासायची वेळ ठेवली पहाटे पाच ते सहा! वर्षभरात म्हणे तीनच पेशंट आले आणि दवाखाना बंद पडला. घरच्यांना थेट नाही न म्हणता नको ते करिअर कसं टाळावं, याचा एवढा सभ्य मार्ग मी अजून तरी पाहिलेला नाही.

मग १८५९मध्ये तो इटलीला गेला. तिथेही काही काळ सगळं सोडून चित्रकार व्हायच्या विचारात होता. शेवटी मेसिनाच्या समुद्रकिनारी त्याला रेडिओलेरिया सापडले. हा समुद्रात तरंगणारा सूक्ष्मजीव. अख्खा जीव म्हणजे एकच पेशी, पण ती स्वतःभोवती काचेसारख्या सिलिकाचा सांगाडा विणते. कुणाचा जाळीदार चेंडू, कुणाचा काटेरी मुकुट, कुणाचा कंदील. चित्रकार आणि डॉक्टर दोघांचंही एकदम भागलं. एक डोळा मायक्रोस्कोपला आणि दुसरा कागदावर ठेवून तो एकाच वेळी बघू आणि काढू शकायचा, असं सांगतात. त्या एका हिवाळ्यात त्याने १४४ नव्या जाती शोधल्या. १८६२मध्ये त्यावरचं जाडजूड पुस्तक आलं, येना विद्यापीठात नोकरी लागली आणि ॲना सेथे या मामे-आते नात्यातल्या मुलीशी लग्नही झालं. याच काळात त्याने डार्विनचं नवंकोरं पुस्तक जर्मन भाषांतरात वाचलं. लपवलेल्या हर्बेरियमचं उत्तर त्याला तिथे मिळालं. जाती बदलतात. मग मधली रोपं असणारच.

१६ फेब्रुवारी १८६४. हेकेलचा तिसावा वाढदिवस. त्याच्या संशोधनाला मोठं पदक जाहीर झालेलं. त्याच दिवशी थोड्याशा आजारपणानंतर ॲना गेली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तो आठ दिवस अंथरुणातून उठला नाही. घरच्यांनी त्याला फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नीसला पाठवलं. तिथे पाण्यात त्याला एक जेलीफिश दिसली. तिचे लांब सोनेरी धागे बघून त्याला बायकोचे केस आठवले. त्या जातीला त्याने ॲनाचं नाव दिलं. पुढे आणखी एका जेलीफिशलाही दिलं. त्याने दुसरं लग्न केलं, मुलं झाली, तरी हे नाव देणं थांबलं नाही.

देवावरचा उरलासुरला विश्वासही त्या दिवशी संपला. त्यानंतर तो कामावर असा तुटून पडला, की दिवसातले तीन-चार तासच झोपायचा. वर्षभरात त्याने हजारावर पानांचा, दोन खंडांचा ग्रंथ लिहून काढला. तो छापला गेला १८६६मध्ये. आपल्या तक्त्यातलं साल ते हेच.

आता इथे थोडं थांबून तेव्हाची अडचण समजून घेऊ. लिनियसने सजीवांचे दोन कप्पे केले होते, वनस्पती आणि प्राणी. उघड्या डोळ्यांना दिसतं तोवर हे ठीक. गाय चालते-खाते, ती प्राणी. वड एका जागी उभा, हिरवा, तो वनस्पती. पण मायक्रोस्कोपखाली युग्लीना आली, की पंचाईत. ती हिरवी आहे, उन्हात स्वतःचं अन्न बनवते. आणि शेपटीसारखा धागा हलवत पोहतेही. अंधारात ठेवली तर बाहेरचं अन्न शोषून जगते. वनस्पतीवाले म्हणायचे आमची, प्राणीवाले म्हणायचे आमची. खुद्द लिनियसने अशा बारक्या जिवांचा एक गट करून त्याला केऑस नाव दिलं होतं. म्हणजे चक्क गोंधळ! हॉस्टेलवर एका कपाटात अभ्यासाचं, एकात कपडे आणि उरलेलं सगळं पलंगाखाली, तसंच हे.

हेकेलने पलंगाखालचं बाहेर काढलं. जे धड वनस्पती नाहीत आणि धड प्राणी नाहीत, त्यांची वेगळी तिसरी सृष्टी मानायची, असं त्याने मांडलं. नाव दिलं प्रोटिस्टा. तिसऱ्या सृष्टीची कल्पना एकट्या त्याची नव्हती. जॉन हॉग या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८६०मध्ये तसंच काहीसं सुचवलं होतं. पण हेकेलने त्याचं झाड काढलं. डार्विनच्या पुस्तकात फांद्यांची एकच आकृती होती, नुसत्या रेघा आणि अक्षरं. हेकेलने फांद्यांवर खऱ्या जिवांची नावं लिहिली. एकच मूळ, त्यातून तीन फांद्या : एकीकडे वनस्पती, एकीकडे प्राणी, मध्ये प्रोटिस्टा. जंतूंना सजीवांच्या वंशावळीत हक्काची जागा मिळाली, तीही अगदी बुंध्याजवळ. तो उरलासुरला कचरा नव्हता, ते आपले पूर्वज होते. हा फरक मला छोटा वाटत नाही.

अर्थात त्या कप्प्यात त्याने स्पंजसुद्धा कोंबले होते. पुढे स्वतःच अभ्यास करून ते प्राण्यांत हलवले. याच ग्रंथात त्याने इकॉलॉजी हा शब्दही पहिल्यांदा वापरला. त्यामुळे डिग्रीला सगळ्यांनाच असलेल्या ईव्हीएसच्या पेपरबद्दल कुणाला राग काढायचा असेल, तर पत्ता मिळाला.

आता प्रोटिस्टांच्याही तळाशी त्याने एक गट ठेवला, मोनेरा. आणि इथून त्याची गोष्ट जरा अवघड होत जाते. पेशीत मध्यभागी केंद्रक असतं, हे तेव्हा माहीत झालं होतं. आनुवंशिक गुण त्या केंद्रकातून जात असावेत, हा अंदाजही हेकेलने याच ग्रंथात बांधला. डीएनएबद्दल कुणाला काहीही कळायच्या कितीतरी आधी! मग त्याचा प्रश्न असा : जीव जर निर्जीव पदार्थातून निर्माण झाला असेल, तर पहिला जीव इतका साधा हवा, की त्याला केंद्रकही नसेल. नुसता जिवंत गोळा. असे जीव आजही असणार, असं त्याने ठरवलं आणि शोधायला लागला. शोधायला लागल्यावर ते दिसायलाही लागले. कॅनरी बेटांवर त्याला एक नारिंगी गोळा मिळाला, केंद्रक नसलेला. आणखी काही अमिबासारखे मिळाले. बॅक्टेरियाही त्याने याच गटात टाकले, पण तेव्हा त्याला त्यांच्यात फारसा रस नव्हता.

१८६८मध्ये तर कळसच झाला. अटलांटिकच्या तळातून दहा वर्षांपूर्वी काढलेला चिखल अल्कोहोलमध्ये ठेवलेला होता. इंग्लंडच्या थॉमस हक्सलीला त्यात जेलीसारखा पदार्थ दिसला. हा समुद्राच्या तळावर पसरलेला आदिम जीव असणार, असं वाटून त्याने त्याला नाव दिलं बॅथिबियस हेकेलाय, हेकेलच्या सन्मानार्थ. हेकेल हरखून गेला. मग चॅलेंजर नावाचं जहाज समुद्र तपासायला निघालं. त्यावरचा केमिस्ट जॉन ब्युकॅनन याच्या लक्षात आलं, की ताज्या चिखलात जेली नसतेच. समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल ओतलं, की ती तयार होते. कॅल्शियम सल्फेटचा साका. हक्सलीने १८७५मध्ये जाहीरपणे चूक कबूल केली. हेकेल मात्र पुढची काही वर्षं त्या साक्याची बाजू लढवत राहिला.

हे भाबडेपण म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्याच १८६८ साली त्याचं सामान्य वाचकांसाठीचं पुस्तक आलं, सृष्टीच्या निर्मितीचा नैसर्गिक इतिहास सांगणारं. आधीचा ग्रंथ इतका जड होता, की फार कुणी वाचलाच नाही. हे मात्र धडाधड खपलं, अनेक भाषांत गेलं. त्यात त्याने कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे अगदी सुरुवातीच्या अवस्थेतले भ्रूण शेजारी शेजारी छापले, तिन्ही किती सारखे आहेत हे दाखवायला. सारखे असणारच होते. एकच ठसा तीनदा छापला होता! बासेलच्या लुडविग रुटिमायर या प्राध्यापकाने ते पकडलं. पुढच्या आवृत्तीत हेकेलने दोन चित्रं काढून टाकली. त्या अवस्थेत फरक दिसतच नाही, हा त्याचा बचाव. मग १८७४मध्ये विल्हेल्म हिस या शास्त्रज्ञाने त्याच्या भ्रूणांच्या दुसऱ्या चित्रांवर हाच आरोप केला. म्हातारपणीही तो परत झाला. आपला मुद्दा खरा आहे याची इतकी खात्री, की पुरावा थोडा नीटनेटका करायला काय हरकत आहे? माझ्या रूममेटलाही गुलाबी कांड्यांबद्दल हेच वाटत होतं. फक्त तिचं जर्नल एकच मॅडम तपासणार होत्या, हेकेलचं पुस्तक अर्धं जग वाचत होतं.

आणि त्याच पुस्तकात, पहिल्या आवृत्तीत, बारा डोक्यांचं एक चित्र होतं. सहा माणसांची, सहा माकडांची. वरून खाली उतरंड. सगळ्यात वर युरोपियन चेहरा, मग उतरत उतरत काळा माणूस, आणि त्याच्या लगेच खाली गोरिला. हेकेलने माणसांच्याही जाती पाडल्या होत्या, केसांच्या प्रकारावरून वगैरे, आणि त्यांना वरच्या-खालच्या पायऱ्या दिल्या होत्या. जंतूंसाठी मधला कप्पा शोधणारा हाच माणूस. ज्याने लहानपणी दोन जातींच्या मधली रोपं जपून ठेवली होती, तोच. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद केला होता. दुसऱ्या दिवशी परत उघडला, कारण पुढे आपल्याकडचा रस्ता लागत होता.

नोव्हेंबर १८८१मध्ये हेकेल बोटीने मुंबईत उतरला. सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जाताना वाटेत आठवडाभर तो इथे राहिला. मलबार हिल पाहिली, पारशांचे दखमे पाहिले, घारापुरीची लेणी केली, रेल्वेने घाट चढून कार्ल्याच्या लेण्यांनाही गेला. आपण वीकेंडला करतो तीच ट्रिप, साधारण एकशे चाळीस वर्षं आधी. या प्रवासाच्या पुस्तकात मुंबईवर त्याने अख्खं प्रकरण लिहिलं.

सिलोनला वेलिगामाच्या विश्रामगृहात त्याने प्रयोगशाळा थाटली. तिथे त्याच्या मदतीला एक पोरगा होता. त्याच्या नावाशी जुळतं म्हणून हेकेल त्याला ग्रीक पुराणातलं गॅनिमीड हे नाव घेऊन हाक मारायचा. हा मुलगा रोडिया जातीचा. तिथली ही जात तेव्हा अस्पृश्य मानली जायची. नमुने गोळा करण्यात, ते हळुवार हाताळण्यात तो इतका तरबेज झाला, की हेकेलचं त्याच्यावाचून पान हलेना. त्याने या मुलाबद्दल फार जिव्हाळ्याने लिहिलंय, निघताना त्याला सोडणं जड गेलं असंही. ठीक. आणि १९०४मध्ये आलेल्या पुस्तकात याच हेकेलने त्याच सिलोनमधल्या वेद्दा आदिवासींना सुसंस्कृत युरोपियनांपेक्षा माकडांच्या जवळ नेऊन ठेवलं. मधे तेवीस वर्षं गेली होती. त्या मुलाने दिलेल्या नमुन्यांची चित्रं त्याच्याकडे होती, पण उतरंडीची पायरी एकाही इंचाने हलली नव्हती. मला यावर काय वाटतं ते नीट लिहिता येत नाहीये. त्याला अज्ञान म्हणावं, तर अज्ञानी माणूस तो नव्हताच. तो बघून आला होता.

दुसरीकडे कामाचा डोंगर. चॅलेंजरने जगभरच्या समुद्रांतून आणलेले रेडिओलेरिया त्याच्याकडेच पाठवण्यात आले होते. दहा वर्षं राबून त्याने १८८७मध्ये अहवाल पूर्ण केला : चार हजारांहून जास्त जाती, त्यातल्या बहुतेक नव्या, आणि १४० चित्रपानं. मग १८९९ ते १९०४ या काळात निसर्गातल्या कलाकृतींचा त्याचा शंभर चित्रांचा संच आला. जेलीफिश, शैवाल, रेडिओलेरिया. तुम्ही ती चित्रं पाहिलेली आहेत, नक्की. पोस्टरवर, टॅटूमध्ये, फोनच्या कव्हरवर. पॅरिसच्या १९००च्या प्रदर्शनाचं भलंमोठं प्रवेशद्वार रेने बिने या आर्किटेक्टने त्याच्या रेडिओलेरियावरूनच बेतलं होतं. एका पेशीच्या सांगाड्याची कमान, आणि खालून माणसं चालतायत!

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा जर्मन सैन्याची बाजू घेणाऱ्या ९३ विद्वानांच्या जाहीरनाम्यावर त्याचीही सही होती. ९ ऑगस्ट १९१९ रोजी येनामधल्या स्वतःच्या घरी तो गेला, वयाच्या ८५व्या वर्षी. घराचं नाव व्हिला मेडुसा. मेडुसा म्हणजे जेलीफिश. तिथे आता म्युझियम आहे. पुढे नाझी सत्तेवर आल्यावर त्याने स्थापन केलेली मोनिस्ट लीग मोडीत निघाली, आणि त्याच वेळी काही नाझी अभ्यासक त्याला आपला पूर्वज म्हणून मिरवतही होते. ती बारा डोकी त्यांच्या कामाची होती.

त्याच्या तळच्या कप्प्याचं काय झालं, ते राहिलंच. नवे रंग आले, पेशी रंगवायच्या पद्धती सुधारल्या आणि हेकेलच्या लाडक्या मोनेरांपैकी एकेकात केंद्रक सापडत गेलं, किंवा मुळात तो जीवच परत कुणाला सापडला नाही. नारिंगी गोळाही असाच गेला. उरले कोण? ज्यांच्याकडे त्याने फारसं बघितलं नव्हतं ते बॅक्टेरिया, आणि पुढे त्याने त्यांच्याच शेजारी आणून बसवलेले नील-हरित शैवाल. यांच्यात खरोखरच केंद्रक नाही. त्यांचा डीएनए पेशीत मोकळाच असतो, आपल्या पेशीत तो पडद्याच्या आत. एदुआर चॅटन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२५मध्ये हाच फरक पकडून आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी ही विभागणी मांडली. वनस्पती की प्राणी हे भांडणच बाजूला पडलं. वड, गाय, युग्लीना आणि आपण एकीकडे, बॅक्टेरिया दुसरीकडे. १९३८मध्ये हर्बर्ट कोपलँडने मोनेराला स्वतंत्र सृष्टी केलं, १९६९मध्ये रॉबर्ट व्हिटेकरने कवकांना वेगळं काढून पाच सृष्टी केल्या. आपला तक्ता तो हा.

आणि १९७७मध्ये तोही फुटला. अमेरिकेतले कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स मायक्रोस्कोपमधून बघतच नव्हते. प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारे रायबोसोम असतात. त्यातल्या आरएनएच्या एका तुकड्याची अक्षरं ते वेगवेगळ्या जिवांमध्ये ताडून पाहत होते. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव, म्हणजे गोबरगॅसच्या टाकीत असतात तसले, दिसायला बॅक्टेरियासारखेच, केंद्रक नसलेले. पण अक्षरं जुळेनात. बॅक्टेरियांशी नाही आणि आपल्याशीही नाही. पुन्हा एकदा दोन कप्प्यांत न बसणारं कुणीतरी निघालं. त्यांना आता आर्किया म्हणतात. १९९०पासून सजीवांचे तीन मोठे विभाग धरले जातात, बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया. त्यात मोनेरा हा शब्द नाही.

रूममेटचं सबमिशन परवा झालं. कांड्यांना सही मिळाली. तक्त्यात मोनेरा अजून आहे, कारण पेपरात तोच येतो.